शेततळ्याचा कागद स्वतः बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळी तळाला गेली की दर उन्हाळ्यात माझ्याकडे तेच प्रश्न यायला लागतात. सिन्नरच्या बाजूला आमची डाळिंबाची बाग शेततळ्यावर उभी आहे. तळ्याचा कागद आम्ही दोनदा बदलला, पहिल्यांदा चुकत आणि दुसऱ्यांदा त्या चुका आठवत. उत्तरं ५०० मायक्रॉनच्या (अर्धा मिलिमीटर जाड) काळ्या एचडीपीई कागदाला, म्हणजे पाणी अडवायला तळ्यात अंथरतात त्या प्लास्टिकला, धरून आहेत. मोठी मापं मीटरमध्ये दिली आहेत, कारण कागदही मीटरवरच विकला जातो.

१. आमचा कागद आठ वर्षांचा झालाय. बदलू, की अजून एक साल काढू?

वर्षं मोजू नका, उन्हात राहिलेला पट्टा तपासा. पाण्याखालचा कागद बराच काळ मऊ राहतो. पाण्याच्या रेषेच्या वरचा पट्टा मात्र उन्हाने कडक होतो. त्यातही उत्तरेच्या काठाचा उतार दक्षिणेकडे तोंड करून असतो, तिथे ऊन सर्वात जास्त. त्या काठावरून, चारीच्या (काठाबाहेर कागदाचं टोक पुरायचा चर) आतल्या बाजूचा हातभर तुकडा कापा. दुमडा, घडीवर नखाने दाबा, उलगडून उलट्या बाजूने दुमडा. घडीवर चिरा पडल्या किंवा तुकडा कटकन तुटला, तर यंदा बदला. तुकडा रबरासारखा परत येत असेल तर कागदात जीव आहे, गळती दुसरीकडे शोधा (प्रश्न २).

२. पाणी रोज कमी होतंय. गळतंय की उन्हाने उडतंय, कसं कळणार?

बादली लावून. प्लास्टिकच्या बादलीत तळाला दोन-तीन गुळगुळीत दगड ठेवा, वरपर्यंत चार बोटं राहतील एवढं पाणी भरा आणि दोराने बांधून तळ्यातच तरंगत ठेवा. बादली बाहेर ठेवली तर तिचं पाणी जास्त तापतं आणि हिशेब चुकतो. बादलीत आतून पाण्याची खूण करा, तळ्याच्या कागदावर ऑइलपेंटने दुसरी. मोटर बंद, पाऊस नाही, असे तीन-चार दिवस जाऊ द्या.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. कागदावरची खूण उतारावर असते. १:१ उतारावर (जेवढं खाली तेवढंच आत) पाणी १ सेंटिमीटर खाली गेलं, तर उतारावरून ते १.४ सेंटिमीटर सरकलेलं दिसतं. म्हणून उतारावर मोजलेला आकडा १.४ ने भागा (१:१.५ उतार असेल तर १.८ ने) आणि मग बादलीशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर कागद निर्दोष, दोष उन्हाचा. तळ्यातलं पाणी जास्त उतरलं असेल तर गळती आहे. ३० बाय ३० मीटरच्या भरलेल्या तळ्यात १ सेंटिमीटर म्हणजे ९,००० लिटर, हे लक्षात असू द्या.

भोक शोधायचं तर पाणी उतरू द्या. ज्या रेषेवर येऊन उतरणं थांबेल, त्या रेषेवर चारी बाजूंनी फिरा. भोक तिथेच कुठेतरी असतं.

३. दोन-चार भोकं आहेत. सोल्युशन लावून ठिगळ मारलं तर?

पीव्हीसी पाइपचं सोल्युशन, फेविक्विक, पंक्चरचं सोल्युशन, यातलं काहीही एचडीपीईला धरत नाही. सुकल्यावर ठिगळ नखाने सोलून निघतं. हा कागद उष्णतेनेच जोडला जातो. जागा कोरडी आणि चकचकीत पुसलेली हवी, ठिगळ भोकाच्या चारी बाजूंना वीतभर मोठं आणि कोपरे गोल कापलेलं हवं. मग हॉट एअर गन आणि रबरी रोलर. तात्पुरतं काम ब्यूटाइलच्या चिकटपट्टीवरही भागतं, तेही कोरड्या कागदावर. पण प्रश्न १ मधला तुकडा तुटला असेल तर ठिगळाला पैसे घालू नका. गरम हवा लागली की म्हातारा कागद ठिगळाच्या कडेलाच फाटतो.

४. कोणत्या महिन्यात काम काढावं?

तळं रिकामं होतं मे महिन्यात, आणि वळवाचे वारेही मे महिन्यातच सुटतात. शिवाय नवा कागद दाबून धरायला तळात फूटभर पाणी लागतं. ३० बाय ३० बाय ३ च्या तळ्यात (तळ २४ बाय २४ चा, हिशेब प्रश्न ६ मध्ये) ते जवळजवळ पावणेदोन लाख लिटर होतं, आणि नेमकं तेव्हाच विहिरीत पाणी नसतं. म्हणून आम्ही मेच्या पहिल्या पंधरवड्यात खालची जागा तयार करतो, कागद मात्र पाण्याची सोय झाल्यावरच आणतो. पाणी नसेल तर मातीने अर्धी भरलेली दोनेकशे पोती आधी भरून ठेवावी लागतात. जूनवर ढकलू नका. एक मोठा पाऊस झाला की तयार केलेला उतार वाहून तळात येतो.

५. दुकानदार ५०० मायक्रॉन म्हणतो. खरं आहे हे घरी कसं तपासू?

वजनाने. एचडीपीईची घनता साधारण ०.९४ असते. म्हणून एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद तुकडा ५०० मायक्रॉनचा असेल तर ४७० ग्रॅमच्या आसपास भरतो. ३०० मायक्रॉनचा असेल तर २८० ग्रॅम. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा त्यासाठी पुरेसा आहे. पूर्ण मीटरचा तुकडा देत नसतील तर अर्धा मीटर बाय अर्धा मीटर घ्या, तो ११७ ग्रॅमच्या जवळ हवा. पहिल्या वेळी मी हे केलं नाही. बिलावर ५०० लिहिलेला कागद दोन वर्षांनी फाटला तेव्हा वजन केलं, तो ४०० च्याही खाली निघाला. पावतीवर मायक्रॉनबरोबर एकूण वजनही लिहून घ्या, मग वाद होत नाही.

बाजारात दोन जाती दिसतात. एक साधी एकसंध फिल्म, दुसरी आत विणकाम आणि दोन्ही बाजूंनी थर दिलेली. विणलेल्या कागदासाठी आयएस १५३५१ हे मानक आहे, रोलवर तो आकडा आणि आयएसआय चिन्ह पाहा. विणलेला कागद टोकदार वस्तूने फाटला तरी फाट पुढे धावत नाही. साधी फिल्म खालच्या खाचखळग्यांशी जास्त चांगली जुळवून घेते. मुरमाड रानात मी विणलेला घेईन, काळ्या रानात साधी फिल्म. रंग काळाच घ्या. त्यातली काजळीच उन्हापासून कागद वाचवते.

६. कागद किती बाय किती मागवायचा?

सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून सावकाश वाचा. वरचं माप ३० बाय ३०, खोली ३ आणि उतार १:१ असं तळं घ्या. उतार १:१ म्हणजे ३ मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते, म्हणून तळ २४ बाय २४ चा राहतो. उताराची तिरकी लांबी मात्र ३ नव्हे, ४.२४ मीटर असते. आता एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत: ४.२४ अधिक २४ अधिक ४.२४, म्हणजे ३२.४८.

त्यात चारीचा कागद मिळवा. काठापासून अर्धा मीटर सोडून चारी, ती सुमारे ४५ सेंटिमीटर खोल, तळाशी ३० सेंटिमीटर रुंद. एका बाजूला सव्वा मीटर, दोन्ही बाजूंचे अडीच. झाले ३५ मीटर. वर एक मीटर ढील (का, ते प्रश्न १० मध्ये). म्हणजे ३६ बाय ३६, एकूण १,२९६ चौरस मीटर, वजन सहाशे किलोच्या वर.

“तळं ३० चं आहे, ३३ चा कागद द्या” असं सांगून आणलेले कागद चारीत पुरत नाहीत, आणि मग लोक काठावर दगड ठेवून कागद दाबतात. तो कागद पहिल्याच वाऱ्यात खाली येतो.

७. तळं आता चौकोन राहिलेलं नाही, एक बाजू ढासळली आहे. मग माप?

मूळ कागदावरचं माप विसरा. न ताणला जाणारा दोर घ्या, एका चारीच्या तळापासून उतारावरून, तळावरून, समोरच्या चारीपर्यंत जमिनीला टेकवत न्या आणि मग दोर मोजा. लांबीत तीन ठिकाणी, रुंदीत तीन ठिकाणी. प्रत्येकीतला मोठा आकडा धरा, वर एक मीटर ढील. पण हे माप ढासळलेली बाजू नीट करून झाल्यावरच घ्यायचं (प्रश्न ९).

८. जुना कागद काढायचा त्रास नको. त्याच्यावरच नवा अंथरला तर?

हा सल्ला खूप जण देतात, मी देत नाही. जुन्या कागदाखाली काय झालंय ते दिसत नाही. उंदरांची बिळं, बसलेला भराव, वर आलेला दगड, सगळं झाकलेलं राहतं. शिवाय दोन कागदांच्या मधे पाणी शिरलं की ते ना वर येतं ना खाली जातं, त्यावर नवा कागद सरकत राहतो. जुना काढा, जागा नीट करा. मग त्यातले चांगले तुकडे गादी म्हणून कोपऱ्यांत आणि पाणी पडतं तिथे वापरायला हरकत नाही.

गाळ काढताना एक गोष्ट: कागद फेकायचाच असला तरी आधी टिकाव मारू नका. गाळाखालच्या कागदाची स्थिती बघितली की भोकं नेमकी कुठे पडली ते कळतं, आणि खालची जमीन तिथेच जास्त बघावी लागते.

९. खालची जागा कशी तयार करायची?

कागदाची सगळी वर्षं इथे ठरतात. महागडा कागद टोकदार मुरमावर टाकला तर ३ मीटर पाण्याचा दाब त्याला दगडावर दाबत राहतो. दर चौरस मीटरला तीन टन. बोटाच्या पेराएवढा खडा पुरतो.

आधी मुळ्या. कुंदा, हरळी, लव्हाळा वरवर खुरपून चालत नाही. लव्हाळ्याचा कोंब कागदातून सुईसारखा वर येतो. उतारावर दिसेल तिथे कुदळीने गाठीसकट खणा, काठापासून दोन मीटरपर्यंत. मग अनवाणी पायाने सगळ्या उतारावरून फिरा. हे थट्टेने म्हणत नाही. पायाला जे टोचतं ते कागदालाही टोचतं. मोठे दगड काढल्यावर राहिलेले खड्डे ओली माती ठोकून भरा, नुसती भुसभुशीत माती टाकली तर ती पाण्याच्या वजनाने बसते आणि कागद तिथे अधांतरी ताणला जातो.

शेवटी चाळलेली माती, चार बोटं जाड, पाणी शिंपडून धुम्मसने ठोकलेली. उतार खडा असेल आणि माती टिकत नसेल तर जिओटेक्स्टाइलचं कापड खाली घ्या. गोणपाट मी टाळतो, वाळवी लागते. आणि तळ उताराला जिथे भेटतो तो कोपरा काटकोनी ठेवू नका. तिथे मातीने गोलाई द्या, परातीच्या आतल्या कडेसारखी.

काळ्या रानात आणखी एक. ती माती उन्हाळ्यात भेगाळते. भेगा मातीने भरून एकदा पाणी मारा, फुगू द्या, परत ठोका, मगच कागद.

१०. अंथरायच्या दिवशी काय क्रम ठेवायचा? किती माणसं लागतील?

सहाशे किलोच्या घडीला बारा-पंधरा माणसं. कमी असतील तर कागद दोन भागांत आणा आणि जोड तळ्यावर मारून घ्या. हे एकच काम भाड्याने करून घ्यावं असं माझं मत. हॉट वेज यंत्र (तापलेल्या पाचरीने कागद जोडणारं) दोन समांतर शिवणी टाकतं आणि मधे पोकळ नळी सोडते, त्या नळीत सुईने हवा भरून दाब टिकतो का ते कारागिराला दाखवायला लावा. जोड उतारावरून वरून खाली आला पाहिजे, आडवा नको. आडवा जोड पाण्याच्या वजनाने सतत ओढला जातो.

पहाटे सुरू करा. वारा पडलेला असतो, कागद थंड असतो. पहिल्या वेळी आम्ही भर दुपारी, मे महिन्यात, कागद छान ताणून अंथरला. एकही सुरकुती नाही, सगळ्यांनी फोटो काढले. काळा कागद उन्हात भरपूर तापतो आणि तापला की पसरतो. ३६ मीटरला ३५ अंशांचा फरक पडला तर जवळजवळ वीतभर. डिसेंबरच्या थंडीत तो वीतभर आखडला, तळाच्या कोपऱ्यातून उचलला गेला आणि जोडापाशी फाटला. म्हणून ढील. तळाच्या कडेला हातात चिमूट येईल एवढी सैलावट हवी.

चपला, बूट, पैंजण, कंबरेच्या किल्ल्या काठावर. विडी-सिगारेट तर अजिबात नको, एका ठिणगीने भोक पडतं. कागद उचलून न्यायचा, ओढत नाही. चारीत टोक सोडून वर मातीची पोती ठेवा, चारी लगेच बुजवू नका. तळात फूटभर पाणी घ्या, हवा मधून कडेकडे ढकला, पाणी चढेल तसा कागद आत सरकू द्या. तळं तिसरा भाग भरलं की मग चारी बुजवा आणि ठोका. ओल्या कागदावर उतरण्याआधी प्रश्न १५ वाचा.

११. कोपऱ्यांत खूप घड्या पडल्या. चूक झाली का?

नाही. सपाट चौकोन खोलगट जागेत बसवला की कोपऱ्यात कागद उरणारच. उरलेला कागद एकाच दिशेने, एका मोठ्या घडीत बसवा. दहा बारीक चुण्या झाल्या तर गाळ अडकतो. कापून जोडायचा मोह टाळा.

१२. पाइपसाठी कागदाला भोक पाडावं का?

शक्यतो नाही. पाणी घ्यायला तरंगती मोटर किंवा काठावरून सायफन. पाणी सोडायच्या पाइपखाली जुन्या कागदाचा दुहेरी तुकडा अंथरा, नाहीतर धार एकाच जागी पडून खालची माती हलते. सांडवा काठाच्या अर्धा मीटर खाली ठेवा. ओढ्याचं पाणी घेत असाल तर आधी गाळकुंड, मगच तळं.

१३. पावसाळ्यात तळ्याच्या मध्यभागी कागद म्हशीच्या पाठीसारखा वर आला. फोडू का?

फोडू नका. बाहेरचं भूजल तळ्यातल्या पाण्याच्या वर चढलं की ते कागदाला खालून उचलतं. जवळच्या विहिरीची पातळी बघा. ती तळ्यातल्या पाण्यापेक्षा वर असेल तर कारण हेच. विहीर उपसून तेच पाणी तळ्यात सोडा. एकाच कामात बाहेरची पातळी उतरते, आतली चढते आणि कागद बसतो. कालव्याखालच्या किंवा ओढ्याकाठच्या रानात हे दरवर्षी होतं. अशा ठिकाणी कागद बदलतानाच तळाखाली खडीची चर आणि छिद्रांचा पाइप घालून तो काठापर्यंत आणा, म्हणजे त्यातून पाणी उपसता येतं.

फुगवटा छोटा असेल, दाबला की सरकत असेल, तर ती हवा आहे (प्रश्न १०).

१४. उंदीर, खेकडे, रानडुकरं... यांचं काय?

जनावरं पाण्यासाठी येतात आणि खुरांनी कागद फाडतात. कुंपण हाच उपाय, शिवाय बाहेर एक छोटा हौद भरून ठेवा. उंदीर चारीच्या सैल मातीत बीळ करतात, म्हणून चारी ठोकलेली हवी आणि काठावर गवत नको.

१५. नुसतं तळं आहे, नदी नाही. एवढी काळजी कशाला?

कारण नदीचा काठ पायाला धरतो, हा धरत नाही. ओला कागद, त्यावर शेवाळाचा थर आणि १:१ चा उतार. पट्टीचा पोहणाराही काठापर्यंत येतो आणि तिथे दमून बुडतो, हाताला काहीच लागत नाही. शेततळ्यात लेकरं, आणि त्यांच्यामागे उडी मारलेले आईबाप गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात येतात.

कागद टाकण्याआधी चारी बाजूंना, चारीच्या बाहेर लोखंडी खुंट्या गाडा. प्रत्येकीला तळापर्यंत जाईल असा जाड नायलॉनचा दोर, फूटभरावर एक गाठ. दोराच्या टोकाला हवा भरलेली टायरची ट्यूब. एका बाजूला दोराची शिडी. कुंपणाला फाटक आणि फाटकाला कुलूप. कामाच्या दिवशी तळात दोन फूट पाणी असलं तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि दुसरा माणूस काठावर. कोणी पडलं तर मागे उडी मारायची नाही, ट्यूब फेकायची. हे घरातल्या मुलांना एकदा प्रत्यक्ष दाखवा. कागदाच्या खर्चापुढे दोराचा खर्च काहीच नाही, आणि तरी बहुतेक तळ्यांवर दोर नसतो.

१६. आमच्या कृषी पर्यटन केंद्रात पोहण्याची टाकी आहे, तिला निळा व्हिनाइल लायनर आहे. हीच पद्धत चालेल का?

खालची जागा, माप आणि सुरकुत्यांबद्दलचं बहुतेक सगळं चालेल. पण व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, तो ताणला जातो, म्हणून लायनर टाकीपेक्षा किंचित लहानच शिवलेला येतो. त्यामुळे इथे उलटं करायचं: कोवळ्या उन्हात मऊ होऊ द्या आणि मग बसवा, थंडीत तो ताठ राहतो. चारी नसते. कडेची जाड किनार भिंतीवरच्या खाचेत अडकवतात, आणि मागची हवा व्हॅक्यूमने ओढून घेतात म्हणजे लायनर भिंतीला चिकटतो. दिवे आणि जाळ्यांची भोकं पाणी त्यांच्या जरा खाली येऊन थांबल्यावरच कापायची, आधी नाही. ठिगळाला व्हिनाइल लायनरसाठीचं सोल्युशन इथे चालतं (पाइपचं नव्हे), काही तर पाण्याखालीही लागतात.

१७. अनुदान मिळतं का?

२०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत खोदाईला जास्तीत जास्त ५० हजार रुपये होते, कागद ज्याचा त्याने घालायचा होता. पुढे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत अस्तरीकरणही आलं. अर्ज महाडीबीटीवर (राज्य सरकारचं योजनांचं पोर्टल). पूर्वसंमती हातात येण्याआधी कागद विकत घेऊ नका, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. तुमच्या जुन्या तळ्याचा कागद बदलणं त्यात बसतं का, हे कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) सातबारा दाखवून विचारा.

१८. जुन्या कागदाचं काय करू?

जाळू नका, धूर विषारी असतो आणि वितळलेलं प्लास्टिक रानात राहतं. पाण्याखालचा मऊ भाग मूरघासाच्या खड्ड्यावर, कडब्याच्या गंजीवर चार-पाच वर्षं जातो. कडक झालेला पट्टा धुऊन, माती झटकून भंगारवाल्याला वजनावर द्या. मातीसकट दिला तर तो वजनात घट धरतो.